चूक कोणाला परवडते? : किशोर कादंबऱ्यांतल्या प्रेमाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी यंग अडल्ट कादंबऱ्यांवर लिहिलं होतं, त्यात एक छोटासा परिच्छेद होता की एक जण पैसेवाल्या घरातला आणि दुसरी हातावर पोट असलेल्या घरातली अशी जोडी असली की मी ते पुस्तक खाली ठेवूच शकत नाही. बाकी लेख बाजूला राहिला आणि सगळी पत्रं त्या एका परिच्छेदावरच आली. म्हणून हे पूर्ण पान आज त्यालाच.

ताई, मला अशा स्टोरीज फार आवडतात, श्रीमंत मुलगा आणि साध्या घरातली मुलगी. पण नेहमी मुलगाच श्रीमंत का असतो? आणि असं खरं होत नाही हे माहीत असूनही मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाचत बसते, हे चुकीचं आहे का? – अकरावीतली वाचक

वाचत बसणं अजिबात चुकीचं नाही गं. मीही बसायचे, अजूनही बसते. या गोष्टीत वाचणाऱ्याची जागा बहुतेक वेळा त्या साध्या मुलीच्या आत असते, म्हणजे आपण तिच्या डोळ्यांनी त्या मोठ्या घरात शिरतो, तिला जे नवं ते आपल्यालाही नवं, आणि एवढं सगळं ज्याच्याकडे आहे त्याला नेमकी हीच हवी आहे हे कोणाला आवडणार नाही? सोळाव्या वर्षी तर आपण कुणाला हवे आहोत की नाही याचीच रात्रंदिवस धाकधूक असते.

मुलगाच श्रीमंत का, याचं उत्तर तितकं गोड नाही. मुलगी लग्नाने वर गेली तर लोक म्हणतात नशीब उघडलं, मुलगा तसा वर गेला तर त्याच्या पाठीमागे हसतात. गोष्टी लिहिणाऱ्यांनी हे जगातूनच उचललंय.

तू वाचतेस त्या प्रकारातली फार गाजलेली गोष्ट म्हणजे योको कामिओ यांची हाना योरी दान्गो ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा. १९९२ साली सुरू झाली, दहा वर्षांहून जास्त चालली, आणि तिच्यावर २००१ मध्ये तैवानात, २००५ मध्ये जपानमध्ये, २००९ मध्ये कोरियात मालिका निघाल्या, कोरियन मालिका तुझ्या वयाच्या कितीतरी मुलींनी पाहिलेली असते. त्यात त्सुकुशी नावाची साध्या घरातली मुलगी अतिश्रीमंतांच्या शाळेत शिकतेय, तिथे चार मुलांचं राज्य, आणि ते ज्याच्या लॉकरमध्ये लाल कार्ड लावतील त्याच्यावर सगळी शाळा तुटून पडते. तिलाही कार्ड मिळतं आणि ती वाकत नाही, उलट अंगावर जाते, आणि त्या चौघांचा म्होरक्याच तिच्या प्रेमात पडतो. मला ती त्सुकुशी मनापासून आवडते. पण पुढच्या वेळी वाचताना मध्येच थांबून एवढंच विचार, की त्या म्होरक्याने केलं ते सगळं एखाद्या गरीब मुलाने केलं असतं तर? शाळेने त्याला दुसऱ्या दिवशी काढलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. या मुलाला वाईट वागून नंतर सुधारायला वेळ मिळतो, शेकडो पानं मिळतात, कारण त्याच्या घरचा पैसा त्याच्या मागे उभा आहे. माझ्या मते श्रीमंती म्हणजे मोठी गाडी आणि मोठं घर हे नंतर, आधी चूक परवडणं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून वाचलंस तर तुझी आवड कमी होणार नाही, पण तुला पुस्तकात जास्त दिसायला लागेल.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, मोबाइलवर सारखी असल्याच प्रेमकथा वाचते, त्यातला श्रीमंत मुलगा मुलीला ओरडतो, तिचा फोन तपासतो आणि मग महागडं गिफ्ट देतो. वाचणं बंद करू का? – एक आई

बंद करू नका, ती चोरून वाचेल आणि मग तुमच्याशी बोलणारच नाही. त्यापेक्षा त्यातली एक कथा तुम्ही स्वतः पूर्ण वाचा, मग तिला विचारा की हा मुलगा श्रीमंत नसता तर तुला आवडला असता का. लेक्चर देऊ नका, उत्तर ऐका फक्त. फोन तपासणं आणि नंतर गिफ्ट देणं याबद्दलची तुमची काळजी मात्र अगदी बरोबर आहे, ते तिच्याशी स्पष्ट बोला, गोष्टीच्या निमित्ताने बोलणं सोपं जातं, कारण पात्राबद्दल बोलताना मुलांना आपलीच उलटतपासणी चाललीये असं वाटत नाही.

मी द आउटसायडर्स वाचलं. सगळं आवडलं पण चेरीचा प्रचंड राग आला. एवढं सगळं मनातलं बोलते आणि मग म्हणते शाळेत दिसलास तर ओळख दाखवणार नाही. अशा मुलीला लेखिकेने चांगली का दाखवलीये? – दहावीतला मुलगा

राग आला ना, मग पुस्तकाने काम केलं. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेचं हे पुस्तक १९६७ चं, लिहायला घेतलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि छापून आलं तेव्हा अठराची. पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं टाकली, कारण प्रकाशकांना भीती होती की मुलांच्या टोळ्यांवरचं पुस्तक एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर परीक्षण करणारे ते गंभीरपणे घेणार नाहीत. गावाच्या पूर्वेला गरीब मुलं, ग्रीझर, आणि पश्चिमेला पैसेवाले, सोश. पोनीबॉय चौदा वर्षांचा ग्रीझर, चेरी सोश. एका रात्री दोघं खूप बोलतात, आणि निरोप घेताना ती म्हणते की शाळेत मी बोलले नाही तर मनावर घेऊ नकोस.

बघ, त्यांचं प्रेम असं काही होतच नाही, आणि तरी या विषयावर मला हे पुस्तक सगळ्यात खरं वाटतं. कारण ती त्याला फसवत नाही. आपण किती घाबरट आहोत ते ती त्याच्या तोंडावर सांगते. इतर कितीतरी पुस्तकांत प्रेम झालं की मधली भिंत आपोआप पडते, इथे ती मुलगी भिंतीकडे बोट दाखवते आणि म्हणते की मला ओलांडता येत नाहीये. पुढे तिच्याच बॉयफ्रेंडचा, बॉबचा, खून होतो आणि त्यानंतरही ती ग्रीझरांना जाऊन सांगते की होणाऱ्या मारामारीत सोश हत्यारं आणणार नाहीत. पण हॉस्पिटलमध्ये पडलेल्या जॉनीला, पोनीबॉयच्या ग्रीझर मित्राला, भेटायला जा म्हटल्यावर ती नाही म्हणते, कारण खून त्याच्याच हातून झालेला असतो. काही तिला जमतं, काही नाही. आणि शेवटी कोण मेलं, कोणाचं घर मोडायची वेळ आली, कोण आपल्या घरी परत गेलं ते आठव. बॉब मेला हे खरं, म्हणजे श्रीमंतांना काहीच झालं नाही असं नाही, पण पोनीबॉयला त्याच्या भावांपासून कोर्ट काढून घेईल ही जी सतत भीती आहे पुस्तकभर, तसली भीती चेरीच्या घरात कोणालाच नाही. तुझा राग तसाच ठेव. फक्त तो सगळा तिच्या एकटीवर टाकू नकोस.

मी एकोणीस वर्षांचा आहे, पहिली कादंबरी लिहितोय. हीरो गरीब, हीरोइन श्रीमंत. पण जे लिहितो त्यात हीरो एकदम बिचारा होतो. काय चुकतंय? – लिहिणारा एक जण

तू विचारलंस हे फार बरं झालं, यावर मला पानंच्या पानं लिहिता येतील.

पहिलं म्हणजे त्याला नुसता चांगला करू नकोस. गरीब म्हणून प्रामाणिक, गरीब म्हणून निरपेक्ष, हे वाचणाऱ्याला एका पानात कळतं आणि दुसऱ्या पानापासून कंटाळा येतो. त्याला हेवा वाटू दे. त्याला ती मुलगी हवीये की तिचं घर, तिच्या बापासारखं बोलता येणं, तिच्यासारखं बेफिकीर हसता येणं हवंय, हे त्याचं त्यालाच कळू देऊ नकोस. डिकन्सच्या ग्रेट एक्सपेक्टेशन्समध्ये, १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलेली ही कादंबरी, लोहाराकडे वाढणारा पिप पहिल्यांदा श्रीमंत घरात वाढणाऱ्या एस्टेलाकडे पत्ते खेळायला जातो तेव्हा ती हसते, का तर हा गुलामाच्या पत्त्याला भलत्याच नावाने हाक मारतो, याचे हात खरखरीत आणि बूट जाडेभरडे. त्या आधी त्याला आपले हात दिसलेही नव्हते! त्या दिवसापासून त्याला हातांची लाज वाटते, मग घराची, आणि मग ज्याने त्याला माया लावली त्या जो लोहाराची सुद्धा. जो शहरात भेटायला येतो तेव्हा पिपला इतकं अवघडल्यासारखं होतं की वाचताना आपल्यालाच मान खाली घालावीशी वाटते, जोच्या हातातली टोपी ठेवायला जागा सापडत नाही, ठेवली की पडते, उचलली की परत पडते. प्रेमकथा म्हणतोस ना, खरी प्रेमकथा मला तिथे दिसते. एस्टेलावर प्रेम करण्याची किंमत त्याने जोच्या बाबतीत चुकवली. तुझा हीरो घरी आल्यावर आईशी कसा बोलतो, ते तू लिहिलंयस का? लिहिलं नसशील तर तिथून सुरू कर.

दुसरं, पैसा वस्तूंमधून दाखव, भाषणांमधून नको. एलिनॉर अँड पार्क ही रेनबो रॉवेल यांची कादंबरी, काळ १९८६ चा. पार्क मध्यमवर्गीय, म्हणजे श्रीमंत असंही नाही, पण एलिनॉरच्या मानाने खूपच. दोघांची ओळख स्कूलबसमध्ये होते, एकाच सीटवर बसावं लागतं, तो कॉमिक्स वाचतो आणि ती बाजूने डोकावून वाचते हे त्याच्या लक्षात येतं आणि तो पानं सावकाश उलटायला लागतो. मग तो तिला गाण्यांच्या कॅसेट देतो. आता तो तिला गाणी देतोय, किती रोमँटिक, पण तिच्याकडे ती वाजवायला काही नाही, आणि वॉकमन दिला तरी बॅटरीचं काय! घरात फोन नाही, पाच भावंडं एका खोलीत, सावत्र बाप असा की घरात श्वास घ्यायची भीती. पार्कला हे आधी माहीतच नसतं. तो वाईट नाहीये, त्याला कधी बॅटरीचा विचारच करावा लागलेला नाही. एवढ्याशा सेलमध्ये दोन घरांतलं सगळं अंतर आलं, आणि लेखिकेने एकदाही गरिबी हा शब्द उगाळला नाही.

मॅलरी ब्लॅकमन यांच्या २००१ च्या नॉट्स अँड क्रॉसेसमध्येही असंच. त्या जगात काळ्या रंगाचे क्रॉस लोक सत्तेत आणि गोरे नॉट लोक खाली, कॅलमची आई सेफीच्या घरी कामाला होती, दोघं लहानपणापासून एकत्र खेळलेली. सेफीला एक दिवस एका नॉट मुलीच्या कपाळावर लावलेली बँडेजपट्टी दिसते, गडद तपकिरी, त्या गोऱ्या कपाळावर उठून दिसणारी, आणि तिच्या पहिल्यांदा लक्षात येतं की गोऱ्या कातडीच्या रंगाच्या पट्ट्या मिळतच नाहीत. इतकी वर्षं दुकानात पट्ट्या होत्या, तिला ते दिसलं नव्हतं. या पुस्तकात वर्गापेक्षा वंश जास्त आहे हे मला मान्य आहे, पण न दिसणं कसं लिहायचं हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. शिवाय एक प्रकरण सेफीचं, एक कॅलमचं असं ते पुस्तक चालतं, त्यामुळे एकच प्रसंग दोघांना किती वेगळ्या भावात पडला ते कळतं. तुला जमेल तर हे करून बघ, निदान वहीत तरी. तुझ्या हीरोइनच्या तोंडून तोच सीन लिही. तिला तिथे काहीच विशेष घडलंय असं वाटलं नाही तर समज की सीन चांगला आहे.

गिफ्टचे प्रसंग जपून लिही. ज्याला परतफेड करता येत नाही त्याच्यासाठी गिफ्ट हे ओझं असतं, तो हसून घेतो आणि घरी जाऊन आईला काय सांगायचं याचा विचार करतो. तो खोटं कधी बोलतो ते शोध. भूक नाहीये, मला चालायला आवडतं, फोन सायलेंटवर होता, ही गरीब मुलांची खोटी वाक्यं आहेत आणि त्यात बिचारेपणा नाही, हुशारी आहे, रोजची, दमवणारी.

आणि कृपा करून पानं संपत आली की त्याला लॉटरी लावू नकोस, हरवलेला श्रीमंत काका आणू नकोस. मग आधीची सगळी पानं खोटी पडतात. आणखी एक, त्याच्या घरात हसू असू दे. अशा कादंबऱ्यांत गरीब घर म्हणजे अंधार, खोकला आणि कर्ज एवढंच असतं, आणि त्यानेच तो बिचारा होतो, तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर कदाचित एवढंच असेल.

आमच्या वाचनगटात भांडण झालं. निम्मे म्हणतात शेवटी दोघं एकत्र यायलाच हवेत, निम्मे म्हणतात तसं झालं की खोटं वाटतं. तुम्ही कोणत्या बाजूला? – सहा मैत्रिणी

हे भांडण तुमच्याआधी खूप मोठ्या माणसांनी केलंय. ग्रेट एक्सपेक्टेशन्सच्या पहिल्या शेवटात पिप आणि एस्टेला रस्त्यात थोडा वेळ भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. डिकन्सच्या मित्राने, कादंबरीकार बुलवर-लिटनने सांगितलं बदल, आणि त्याने बदललं, दोघं हातात हात घेऊन बाहेर पडतात. कोणता शेवट बरा यावर लोक आजही भांडतात. प्रिटी इन पिंक या १९८६ च्या सिनेमातही आधी गरीब अँडी तिच्या जुन्या मित्राबरोबर राहायची, चाचणीच्या खेळाला प्रेक्षकांना ते पटेना, मग नवा शेवट शूट करून तिला त्या श्रीमंत मुलाकडे पाठवलं, ज्याने मित्रांच्या दबावाखाली तिचा हात सोडला होता.

मी दोन्ही बाजूंना नाही. सोळा सतरा वर्षांच्या मुलांचं एकत्र येणं म्हणजे काय, पुढची साठ वर्षं? मला शेवटी एवढंच हवं असतं की दोघांनाही काहीतरी मोजावं लागलं. एकट्या गरिबाने मोजलं आणि श्रीमंत जरासा रडून शहाणा झाला, असं पुस्तक मी पुन्हा हातात घेत नाही, मग शेवट गोड असो की कडू. आणि एलिनॉर अँड पार्कचा शेवट वाचला नसेल तर पुढचं वाक्य सोडून द्या. तिथे एक पोस्टकार्ड येतं, त्यावर तीनच शब्द, आणि ते शब्द लेखिका आपल्याला सांगत नाही. मला त्यात सगळं मिळालं, तुमच्या गटात यावरूनही भांडण होईल ते होऊ द्या.

नाव देत नाही. आमच्या घरी पैसा आहे. मागच्या वर्षी क्लासला एक मुलगा होता, आम्ही खूप बोलायचो, मला तो आवडायचा. एकदा माझा ग्रुप बरोबर असताना तो समोर आला, हसला, आणि मी ओळखच दाखवली नाही. त्यानंतर तो बोलला नाही. आता द आउटसायडर्स वाचलं आणि दोन दिवस झोप नाही. काय करू? – बारावीतली

तुझं पत्र आणि वरचं दहावीतल्या मुलाचं पत्र एकाच आठवड्यात आलं. मुद्दाम एकाच पानावर घेतेय.

तू लिहिलंस यालाच धाडस लागतं. आता त्याच्याशी बोल, जमलं तर समोर, नाहीतर लिहून. माझा ग्रुप असा आहे, घरचे तसे आहेत, हे काही सांगू नकोस, ते त्याला माहीतच आहे. त्या दिवशी तू हसलास आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं, ते चुकलं, एवढं पुरे. बरोबर काही गिफ्ट नेऊ नकोस. आणि त्याने माफ केलंच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नकोस, कारण मग तुला बरं वाटावं हे कामही त्याच्याच गळ्यात पडतं. त्याला बोलायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे. ग्रुपमध्ये मात्र तुला जे करता येईल ते कर, कारण ते घडलं त्यांच्यासमोर होतं.

माझीही शाळेत एक मैत्रीण होती. ती आमच्याकडे यायची, अभ्यास करायची, आई तिला थांबवून घ्यायची. मी तिच्या घरी एकदाही गेले नाही. कितीतरी वर्षं मी असंच धरून चालले होते की तिने बोलावलंच नाही, आणि पिपचं ते टोपीचं प्रकरण पुन्हा वाचताना अचानक आठवलं की तिने बोलावलं होतं, दोनदा, आणि दोन्ही वेळा मीच काहीतरी कारण सांगितलं होतं. तोवर ती कुठे असते हेही मला माहीत नव्हतं. तुझं तसं नाही, वर्षच झालंय.

पुस्तकात चेरी जॉनीला भेटायला नाही म्हणते तेव्हा पोनीबॉय चिडून निघतो आणि मग वळून तिला विचारतो, तुमच्या बाजूने सूर्यास्त नीट दिसतो का. ती म्हणते दिसतो. तो म्हणतो, आमच्याकडूनही दिसतो. ती दोन पानं पुन्हा वाच आणि मग त्याला लिही. त्याने काय उत्तर दिलं ते मला कळव, आणि नाही दिलं तरी कळव.